सहाचा तांब्या

लॉकडाऊनमध्ये माझ्या वाट्याला आलं
एक रजिस्टर, बोटाला लावायचं एक यंत्र,
आणि वरच्या आळीतली साठीपुढची एकोणीस माणसं.
वेदगंगा खाली. गारगोटीची एसटी बंद.
बीपीच्या गोळ्या मी सायकलवरून आणायचे,
कधी अर्ध्याच मिळायच्या.

बायाक्का मगदूम. वय?
"पटकी आलती तवा मी परकरात होतो. लिव्ह काय लिवायचं ते."
मी अठ्ठ्याहत्तर लिहिलं.
यंत्र तिच्या बोटावर बोलेना.
शेणात, उसाच्या पाल्यात साठ वर्षं घासलेलं बोट,
भेगा काळ्या, टोक लाकडासारखं थंड.
"थांब, येतो," म्हणत ती गोठ्यात गेली,
म्हशीच्या कासेला बोटं शेकून आली.
"आता बघ."
सत्त्याण्णव.

तांब्याची कल्पना केरबा डोंगळेंची.
डेअरीत तीस वर्षं फॅट मोजलेला माणूस,
मापाशिवाय चैन नाही.
"उंबऱ्यात जायाचं न्हाई म्हंता. बरं.
पर आवाजाला कुठं मास्क लागतोय?"
सहाला, दूध घालायच्या आधी,
ज्यानं त्यानं दारातल्या दगडावर तांब्या ठोकायचा.
एकदाच. म्हणजे हाय.
खालच्या घरापासून वर, ओळीनं, घाई नाही.
बाबालाल मुलाणींचा बधना जरा चपटा वाजायचा.
तानूबाई सुतारणीला ऐकूच येत नव्हतं,
ती समोरच्याचा हात खाली आलेला बघून ठोकायची,
आणि सगळ्यांपेक्षा जोरात.
मी चहा ठेवता ठेवता मोजायचे.

दुसऱ्या वर्षी वैशाखात
अकरावा ठोका आला नाही.
मास्क कानाला अडकवत मी पळत गेले.
केरबा दगडापाशीच बसलेले, तांब्या हातात,
मांडीवर फोन.
"सीपीआरमधनं आलता," एवढंच म्हणाले.
इचलकरंजीचा पोरगा. मागावरचा.
"आणत न्हाईत म्हणं. तिकडंच."

कडू घास कट्ट्यावर यायचा.
रोज एका घरचा, पितळीनं झाकून ठेवायचा,
वीस पावलं मागं सरकायचं आणि बसून राहायचं.
समजूत घालणं नाही. रडणंही बेताचं.
बायाक्का म्हणाली,
"तू जेवल्याबिगार मी उठत न्हाई.
गुडघं माझं हैत, बघ तू."
ते तिच्या गुडघ्यांसाठी जेवले.

सकाळी मात्र दहाव्यानंतर आळी अडायची.
बारावं घर बायाक्काचं.
मला वाटलं होतं, त्यांच्या वाटणीचा ठोका तीच देईल.
दिला नाही.
नुसती थांबायची,
एखाद्या म्हाताऱ्याला खाटेवरून उठून
दगडापर्यंत यायला लागतो तेवढा वेळ,
मग आपला वाजवायची.

सव्विसाव्या दिवशी त्या जागेत
काहीतरी वाजलं, हलकं,
हातातून भांडं निसटल्यासारखं.
बायाक्कानं ते धरलं
आणि पुढं दिलं.

ज्येष्ठात तानूबाई गेली.
"म्हातारपणानं गेली," आळी भेटेल त्याला सांगायची,
जरा ऐटीतच.

रजिस्टरात शेवटचा रकाना असतो, शेरा.
तिथं मी वर्षभर लिहिलं: ठीक. ठीक. ठीक.
कधीकधी घाईत नुसतं ठी.

आखाडात मलाच ताप भरला.
आळीच्या खालच्या टोकाला मराठी शाळा,
तिसरीचा वर्ग, भिंतीवर पाढे,
पावसानं फुगलेला दरवाजा.
यंत्र आता माझ्या बोटाला, लिहिणारी दुसरी कुणी.
पहिल्या पहाटे झोप नव्हतीच,
कान लावून मोजत राहिले.
अठरा.

मग किटल्या वाजायला हव्या होत्या,
म्हशी हंबरायच्या, केरबांचं खोकणं.
काहीच नाही.
सगळी आळी गप्प, दगडापाशी.
कुणासाठी थांबलेत
ते कळायला मला जरा वेळ लागला.

जवळ तांब्या नव्हता.
जेवणाचा स्टीलचा डबा होता,
आणि खिडकीची फरशी.